जुळत नाही ते जुळवून देणारे मेस्त्री : शिवाजी उद्यमनगरातील एका लेथ कारखान्याचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या कारखान्याविषयी हे लिहीत आहे, त्याला पाटी नाही. आत दोन लेथ, एक जुने मिलिंग मशीन, एक खांबी ड्रिल आणि दाराशी लोखंडाचा कीस साठवलेले दोन पत्र्याचे डबे एवढाच पसारा असून, वर्षभर तेथे चालणारे काम म्हणजे पंपांचे शाफ्ट आणि गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश. माझे काम मात्र नेमबाजीच्या एअर रायफलीचे न जुळणारे भाग जुळवून घेण्याचे होते. मालकांना सगळे मेस्त्री म्हणतात. तुमच्याविषयी लिहिणार आहे, असे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "नाव घालू नका साहेब. नाव घातलं की उद्या कोणतरी ठासणीची बंदूक घेऊन दारात हुबा ऱ्हाईल." त्यामुळे हे परीक्षण नाव नसलेल्या जागेचे आहे. दुधाळीच्या शूटिंग रेंजवर नियमित जाणाऱ्या कोणालाही विचारले, तर पत्ता मिळतो.

माझी पुतणी दहावीत आहे आणि गेली तीन वर्षे १० मीटर एअर रायफल प्रकारात सराव करते. ती डावखुरी आहे. क्लबमधील रायफली उजव्या हाताच्या असल्यामुळे तिने पहिली दोन वर्षे अवघडलेल्या अवस्थेत काढली. नवी रायफल काही लाखांच्या घरात जाते आणि आमच्या घरात तेवढा पैसा एकाच वेळी मोकळा नव्हता. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातील एका नेमबाजाकडून जुनी जर्मन बनावटीची, दाबाच्या हवेवर चालणारी आणि ॲल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल घेतली. डाव्या हाताला लागणारे भाग मात्र निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केले. ग्रिप एका कारखान्याची, खांद्याची बट-प्लेट अमेरिकेतून आलेली, साइट, म्हणजे नेम धरण्याची साधने, उंच करणारे ठोकळे एका ऑनलाइन विक्रेत्याचे. सगळे भाग एका जुन्या सतरंजीवर मांडले, तेव्हा त्यांतील कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागाला बसत नाही, हे आमच्या लक्षात आले.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही, त्यांना हे विचित्र वाटेल. मोटारसायकलचा एका कंपनीचा आरसा दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसतो, तसे येथे होत नाही. फाइनवेर्कबाउ या जर्मन रायफल कंपनीचा कारखाना ओबर्नडॉर्फला आहे, तर वॉल्थर आणि अन्शुट्झ या दोन्ही कंपन्या उल्म या एकाच गावच्या. तरीही ग्रिपच्या बोल्टची जागा, बटच्या दांड्यांची जाडी आणि हवेच्या सिलिंडरचे आटे यांची मापे प्रत्येकाची आपापली आहेत. काही थोड्या गोष्टी मात्र सर्वांनी सारख्या ठेवल्या आहेत. मागची साइट ज्यावर बसते ती रेल ११ मिलिमीटरची असते, मागच्या आयरिसचे, म्हणजे डोळ्यापुढच्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाचे, आटे बहुतेक ठिकाणी एम ९.५ चे, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर व्यासाचे, असतात, आणि पुढच्या साइटच्या नळकांड्यात बसणाऱ्या रिंगा एम १८ किंवा एम २२ या दोनच मापांत येतात. घेणाऱ्याची फसगत नेमकी येथेच होते. दोन-तीन मापे सारखी आढळली की बाकीचीही सारखीच असतील, असे माणूस गृहीत धरतो आणि पैसे भरून मोकळा होतो. मीही तेच केले.

मेस्त्रींकडे जाण्यापूर्वी मी लक्ष्मीपुरीत आणि इतरत्र तीन ठिकाणी विचारून आलो होतो. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने ड्रिल हातात घेऊन, दस्त्याचे भोक मोठे करून देतो, दहा मिनिटांचे काम आहे, असे सांगितले. भोक मोठे करणे दहा मिनिटांचेच काम होते, हे खरे. परंतु एकदा मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही आणि तो दस्ता नवा घ्यायचा म्हटला तर निम्म्या रायफलीची किंमत पडते. मेस्त्रींनी पहिल्या भेटीत मशीनला हातच लावला नाही. जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरून त्यावर त्यांनी सगळे भाग ओळीने मांडले, व्हर्नियर काढला आणि सुमारे तासभर नुसती मापे घेतली. एका शाळकरी वहीच्या पानावर पेन्सिलीने आकडे उतरवले आणि मग म्हणाले, "रायफल तुमची म्हाग, तुकडा माझा स्वस्त. चुकलं तर तुकडा चुकू दे." पुढच्या चार महिन्यांत त्यांनी केलेल्या प्रत्येक कामामागे हाच विचार होता, आणि ही जागा मला इतरांना सुचवावीशी वाटते तीही यामुळेच. मूळ रायफलीला ते धक्का लावत नाहीत. दोन न जुळणाऱ्या भागांच्या मध्ये बसणारा तिसरा तुकडा तयार करतात.

बट-प्लेटचे उदाहरण घेतो. आमच्या दस्त्यात मागच्या बाजूला १२ मिलिमीटरची दोन भोके होती, आणि अमेरिकी बट-प्लेटला अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे दोन दांडे. दांडा बारीक आणि भोक मोठे असते तर मध्ये बुश, म्हणजे पोकळ नळी, घालून भागले असते. येथे उलट होते. मेस्त्रींनी जुने दांडे काढून बाजूला ठेवले आणि पायरीचे नवे दांडे तयार केले, ज्यांचे एक टोक १२.७ चे आणि दुसरे ११.९७ चे होते. हे तीन शतांश मिलिमीटर कशासाठी सोडले, असे मी विचारले. दांडा हाताने सरकला पाहिजे पण खुळखुळता कामा नये, आणि ॲल्युमिनियमच्या भोकात घट्ट दांडा ठोकला तर तो पुन्हा निघणार नाही, असे उत्तर मिळाले. शेवटचा हात त्यांनी लेथवर पॉलिश पेपर धरून मारला आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी मशीन थांबवून दांडा दस्त्यात सरकवून पाहिला. पाचव्या वेळी तो सरकला. सरकताना भोकातली हवा हलकेच बाहेर पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

पुढच्या हँडस्टॉपच्या, म्हणजे पुढचा हात टेकवण्याच्या अडण्याच्या, स्क्रूने मात्र मेस्त्रींनाही काही काळ विचारात पाडले. हा स्क्रू जागेवर बसत होता, फिरत होता, आवळला की मात्र सैल पडत होता. त्यांनी स्क्रूवर आट्यांचे गेज लावले, मग भोकात पाच मिलिमीटरचा टॅप नुसता हाताने फिरवून पाहिला आणि निदान केले. पूर्वीच्या मालकाने अमेरिकी सुट्या भागासोबत आलेला १०-३२ मापाचा इंची स्क्रू एम ५ च्या भोकात घातला होता. त्या इंची स्क्रूचा व्यास ४.८३ मिलिमीटर असतो आणि इंचाला ३२ आटे, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर ०.७९४ मिलिमीटर, एम ५ मध्ये हेच अंतर ०.८ असते. अंतर जवळजवळ सारखेच असल्यामुळे स्क्रू शेवटपर्यंत आत जातो आणि कोणालाही शंका येत नाही. पण तो बारीक असल्यामुळे आट्यांच्या फक्त टोकांना धरतो, आणि जोर दिला की ॲल्युमिनियमची ती टोके सोलून बाहेर येतात. याउलट एम ५ चा स्क्रू इंची भोकात घातला असता तर तो दोन फेऱ्यांत अडकला असता आणि चूक लगेच कळली असती. सहज बसणारी चूकच अधिक नुकसान करते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

येथे मेस्त्रींना आपलाच नियम मोडावा लागला, कारण आटे गेलेले भोक रायफलीच्या दस्त्यातच होते. त्यांनी मला आठवडाभर विचार करायला सांगितले, पुतणीच्या प्रशिक्षकांना फोन लावून त्यांच्याशी स्वतः बोलले आणि मगच भोकात हेलिकॉइल बसवले. हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. तिच्या बाहेरच्या मापाचे नवे आटे भोकात पाडून ती आत फिरवतात आणि आतून पुन्हा मूळ एम ५ चे भोक तयार होते. हे काम त्यांच्या कारखान्यात मोटारसायकलच्या इंजिनांसाठी नेहमी होत असल्याने हात बसलेला होता. मूळ आट्यांपेक्षा ते आता पक्के आहे. त्यानंतर त्यांनी रायफलीवरचे सगळे इंची स्क्रू शोधून काढले, एका काड्यापेटीत भरले, त्यावर "इंच" असे लिहिले आणि ती काड्यापेटी माझ्या हातात देऊन, ही घरात कुठेही ठेवा पण रायफलीच्या पेटीत ठेवू नका, असे बजावले.

ग्रिपचे काम त्या मानाने सरळ होते. बोल्टची जागा चार मिलिमीटरने पुढे-मागे होती, तेव्हा सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी मध्ये घालून एका भोकातून दस्ता आणि दुसऱ्यातून ग्रिप धरली. पट्टीवर व्हाइसच्या जबड्याचे दोन वळ उमटले आहेत. ते दिसायला वाईट दिसतात, पण हाताला लागत नाहीत.

माझी खरी तक्रार साइटच्या ठोकळ्यांविषयी आहे. पुतणीची मान उंच असल्यामुळे तिला डोके सरळ ठेवून नेम धरता यावा, यासाठी दोन्ही साइट १० मिलिमीटरने वर उचलायच्या होत्या. ऑनलाइन घेतलेले ठोकळे सर्व रायफलींना चालतात, असे विक्रेत्याने लिहिले होते, आणि ते रेलवर बसतही होते. परंतु साइट काढून पुन्हा लावली की नेम दर वेळी वेगळ्या ठिकाणी जायचा. मेस्त्रींनी याचे कारण ज्या पद्धतीने शोधले, ते पाहण्यासारखे होते. रेलच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत त्यांनी दीड मिलिमीटरच्या दोन ड्रिलचे गुळगुळीत दांडे धरले आणि त्यांच्यावरून व्हर्नियरने माप घेतले. मग दोन मिलिमीटरचे दांडे लावून पुन्हा माप घेतले. दोन्ही मापांत १.३७ मिलिमीटरचा फरक आला. डोव्हटेलचा, म्हणजे रेलच्या बाजूंच्या तिरप्या खाचेचा, कोन ६० अंशांचा असला, तर दांड्याच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरची वाढ झाल्यावर हे माप इतकेच वाढते. कोन ४५ अंशांचा असता तर ते १.७ च्या पुढे गेले असते. विकत आणलेला ठोकळा ४५ अंशांचा निघाला. म्हणजे तो रेलच्या उताराला सपाट न टेकता नुसत्या कडेवर टेकत होता, आणि कडेवर टेकलेली वस्तू दर वेळी नव्या जागी बसते. ११ मिलिमीटरची रेल एवढेच ऐकून ठोकळा घेऊ नये, कोनही विचारावा, हे मला विक्रेत्याकडून नव्हे तर गुऱ्हाळाचे बुश करणाऱ्या माणसाकडून कळले.

निदान इतके अचूक झाल्यावर ठोकळेही तसेच होतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिली जोडी सदोष निघाली. हंगामाची घाई होती, मिलिंगचे काम मेस्त्रींनी हाताखालच्या मुलावर सोपवले आणि पुढचा ठोकळा बरोबर १० मिलिमीटरचा, मागचा मात्र १०.३ चा झाला. ०.३ मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटण्याचा संभव आहे. आमच्या रायफलीवर दोन साइटमधील अंतर ७८० मिलिमीटर आहे आणि लक्ष्य १० मीटरवर असते, म्हणजे साइटच्या उंचीतील चूक लक्ष्यावर जवळजवळ तेरापट मोठी होऊन दिसते. मागची साइट ०.३ ने उंच, तर छर्रा जवळजवळ चार मिलिमीटर वर. या प्रकारात दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एका गुणाची वर्तुळे अडीच मिलिमीटरच्या अंतरावर असतात. म्हणजे दीड गुण हातातून गेला. साइटचे क्लिक, म्हणजे नेम वर-खाली करणारा स्क्रू, फिरवून हे भरून काढता येते, हे मला मान्य आहे. पण एवढ्या कष्टाने बनवून घेतलेल्या वस्तूची चूक पहिल्याच दिवशी दुसऱ्या वस्तूने झाकायची, हे मला पटले नाही, आणि ठोकळे परत नेले तेव्हा मेस्त्रींनाही पटले नाही. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्या जोडीचे पैसेही घेतले नाहीत. मात्र ती मिळायला तीन आठवडे लागले आणि त्या काळात मुलीचा एक जिल्हास्तरीय सामना जुन्याच साइटवर झाला. ती त्याविषयी काही बोलली नाही. मला अजून वाईट वाटते.

दुसरी जोडी निर्दोष आहे. दोन्ही ठोकळे एकाच पट्टीतून, एकाच वेळी व्हाइसमध्ये धरून मिल केलेले असल्याने उंचीत फरक पडण्याचा प्रश्नच उरला नाही. खात्री करून घेण्यासाठी आम्ही दुधाळीला एक साधी चाचणी घेतली. पाच छर्रे मारायचे, मागची साइट पूर्ण काढायची, पुन्हा लावायची आणि क्लिक न फिरवता आणखी पाच मारायचे. "काका, मी काढतो आणि परत लावतो, तुम्ही नुसतं लक्ष्य बघा," असे म्हणून तिने हे चार वेळा केले. चाळीसही छर्रे एकाच भोकाच्या आजूबाजूला गेले. एक उणीव मात्र तेव्हाच लक्षात आली. ठोकळे चकचकीत होते आणि रेंजवरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यांच्यावरून उडून डोळ्यात येत होता. मेस्त्रींकडे ॲनोडायझिंगची सोय नाही. ते काळे करण्याचे काम दुसरीकडून करून घ्यावे लागले. साइटच्या आसपासचा कोणताही भाग कोणाकडूनही बनवून घेताना तो काळा आणि मंद असावा, हे आधीच ठरवून घ्यावे.

एका कामाला मेस्त्रींनी स्पष्ट नकार दिला आणि तो त्यांच्या हातून झालेल्या कोणत्याही कामापेक्षा मला मोलाचा वाटतो. रायफलीसोबत आलेल्या दोन सिलिंडरांपैकी एकावर कोरलेली तारीख दहा वर्षांपेक्षा जुनी होती, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही हे आम्हाला माहीत होते. क्लबमधील एकाकडे दुसऱ्या कंपनीचा चांगला सिलिंडर पडून होता, पण त्याचे आटे वेगळे. मध्ये एक जोडतुकडा करून द्या, असे मी अगदी सहज म्हटले. मेस्त्रींनी विचारले, "आत दाब किती?" मी सांगितले, दोनशे बार. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे नखाएवढ्या जाग्यावर दोनशे किलो. आणि ते पोरीच्या तोंडापुढं. न्हाई साहेब, ह्यो तुकडा चुकला तर तुकडा चुकणार न्हाई." त्यांनी तो सिलिंडर हातातही घेतला नाही. शेवटी कंपनीचाच नवा सिलिंडर मागवला, महाग पडला आणि यायला दोन महिने लागले. सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळी या तीन गोष्टींना हात न लावणारा कारागीर हाच या कामासाठी योग्य कारागीर आहे, असे माझे मत झाले आहे.

त्यांचा दुसरा नकार कायद्याशी संबंधित आहे, म्हणून तोही नोंदवतो. आमची रायफल ४.५ मिलिमीटरची असून, सुमारे ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने फेकते, म्हणजे तिची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्याही ५० मीटरवरच. त्या प्रकारांतील पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची, रायफल हे परवान्याचे शस्त्र आहे, आणि तिची दुरुस्ती किंवा तीत फेरफार करणे हे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाचेच काम आहे. पॅरिसनंतर कोल्हापुरात रायफल हातात घेणारी मुले माझ्या डोळ्यांदेखत वाढली, आणि त्याबरोबर मेस्त्रींच्या दारात चुकून पॉइंट टू-टूचे काम घेऊन येणारे पालकही. त्यांना ते दारातूनच परत पाठवतात. बट-प्लेटचा दांडाही करून देत नाहीत. एका पालकांना हे अति वाटले. मला वाटत नाही.

आता वजनाची गोष्ट, कारण सुटे भाग जुळवताना सगळ्यांत शेवटी आठवणारी आणि सामन्याच्या दिवशी सगळ्यांत आधी विचारली जाणारी बाब तीच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एअर रायफल साइटसह ५.५ किलोच्या आत असावी लागते. सगळे भाग बसल्यावर आम्ही ती गल्लीतल्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. दुकानदारांनी आधी तुरीची गोणी बाजूला केली आणि मग, ही खरी आहे का, असे हळूच विचारले. काट्यावर ५.६२ आकडा आला. वजन कोठे वाढले, ते शोधायला वेळ लागला नाही. बट-प्लेटचे ते देखणे पायरीचे दांडे मेस्त्रींनी साध्या लोखंडाचे केले होते आणि एकेक दांडा ११० ग्रॅमच्या वर भरत होता. तेच दांडे त्याच मापाने चांगल्या प्रतीच्या ॲल्युमिनियममध्ये पुन्हा करून घेतले तेव्हा जोडीमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन उतरले आणि काटा ५.४७ वर आला. या दुरुस्तीचे पैसे मला द्यावे लागले, आणि ते योग्यच होते, कारण वजनाची मर्यादा मी त्यांना सांगितलीच नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर चरकाचे बुश केले, त्याने वजन कमी असावे असे स्वतःहून गृहीत का धरावे? तसेच पुढच्या साइटची नळीच्या मध्यापासूनची उंची आणि यंत्रणेची ८५० मिलिमीटरची लांबी यांनाही मर्यादा आहेत. ठोकळे सांगण्यापूर्वी त्या प्रशिक्षकांकडून तपासून घ्याव्यात. मेस्त्रींकडून ती अपेक्षा ठेवू नये.

खर्चाचा हिशेब असा झाला: लोखंडी दांडे ७०० रुपये, ॲल्युमिनियमचे दांडे ९००, ठोकळ्यांची जोडी १६००, ग्रिपची पट्टी ४५० आणि हेलिकॉइलचे २००, एकूण ३८५० रुपये. याच गोष्टी कंपनीच्या डाव्या हाताच्या मूळ भागांनी करायच्या ठरवल्या असत्या, तर याच्या कितीतरी पट रक्कम आणि सहा महिने गेले असते. मात्र छापील बिल मिळाले नाही, आणि मापांची नोंद त्या शाळकरी वहीतच राहिली. ती वही हरवली तर पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून मोजावे लागेल, म्हणून मी मोबाइलवर तिच्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत. वेळेच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये. परवा या, असे म्हटले तर आठवड्याने जावे आणि गाळपाच्या हंगामात तर जाऊच नये, कारण तेव्हा साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची कामे आधी, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

जाणाऱ्यांनी जुळवायचे दोन्ही भाग प्रत्यक्ष घेऊन जावेत. फोटो किंवा इंटरनेटवरून उतरवलेली मापे दाखवली तर मेस्त्री ती बघतही नाहीत. मूळ स्क्रू पिशवीत घालून न्यावेत, सिलिंडर घरी काढून ठेवावा आणि रायफल बंद पेटीत न्यावी, कारण उद्यमनगराच्या त्या अरुंद गल्लीत ती उघडी हातात दिसली तर चौकशीला उत्तरे देत बसावे लागते. सोमवारी कारखाना बंद असतो. दुपारी चारनंतर गेल्यास मेस्त्री निवांत भेटतात आणि बरोबर चहाही मिळतो.

आमचे एक काम अजून बाकी आहे. दस्त्यावरची गालपट्टी उजव्या गालासाठी वळवलेली आहे आणि ती नुसती उलटी करून भागत नाही, हे आता कळले आहे. मी ती काढून मेस्त्रींकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत दिली. "ही एकटी आणून काय उपयोग? पोरीला घेऊन या. गाल तिचा, माप तिचंच घ्यायला पायजे." दसऱ्याआधीचा एक रविवार त्यांनी दिला आहे.